सिसस्टॅट (सर्व्हरवर किती ताण आहे ते नोंदवत राहणारं टूल): दर १० मिनिटांची नोंद बंद करावी का? माझा अनुभव

देवगडला काकांच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये एक छोटा सर्व्हर आहे, उबुंटू २२.०४ (लिनक्स), ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क, पेट्यांच्या ऑर्डरी आणि पावत्या सगळं त्याच्यावर. एप्रिलमध्ये सकाळी सहाला गाडी भरायची घाई असते आणि नेमकं तेव्हाच पावती निघायला मिनिट-मिनिट लागायला लागलं. ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, म्हणजे टायमरची यादी काढली तर त्यात सिसस्टॅट, दर १० मिनिटांनी चालणारं. काका मागे उभे होते, "ह्यां कित्याक व्हया?" म्हणाले, मला उत्तर देता आलं नाही, टाकलं बंद करून.

फरक काहीच नाही पडला. उलट दुसऱ्या दिवशी परत अडकलं तेव्हा सहा वाजता काय झालं होतं हे बघायला एक ओळ पण नव्हती, मी पोचेपर्यंत सगळं सुरळीत आणि पोरं पावतीबुकावर हाताने लिहीत बसलेली. त्याच संध्याकाळी परत चालू केलं.

दोन दिवसांनी सार कमांड (सिसस्टॅटच्या नोंदी दाखवणारी) लावून बघितलं तर सीपीयूला काम फारसं नाहीच, पण आयओवेट, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, ५:५० च्या ओळीत २ टक्के आणि ६:०० च्या ओळीत थेट ४१, पावणेसातपर्यंत तसाच. डिस्क किती व्यस्त आहे तो आकडा १०० टक्क्यांना टेकलेला. म्हणजे बॅकअप! तो मीच पहाटे ५:५० ला लावलेला, सीझन नसताना, तेव्हा शेड आठला उघडायची. रात्री दीडला नेला, विषय संपला.

तर माझं मत स्पष्ट आहे, हे बंद करू नका. ते चालतं म्हणजे काय, तर प्रॉकमधले (लिनक्स स्वतःच ठेवतं ते) तयार आकडे वाचतं, फाइलीत लिहितं आणि लगेच बाहेर पडतं, त्याने सर्व्हर दमत नाही. बंद करायचंच असेल तर दर पाच मिनिटांनी अख्खी डिस्क मोजत बसणाऱ्या स्क्रिप्ट असतात त्या आधी शोधा. दुसरं चांगलं मॉनिटरिंग आधीच असेल किंवा सगळं एसडी कार्डावर चालत असेल तर मात्र बंद केलं तरी चालेल.

कमी काय आहे तेही सांगतो. फोनवर अलर्ट येत नाही. १० मिनिटांची सरासरी असल्यामुळे अर्ध्या मिनिटाचा झटका दिसतच नाही, मी सीझनपुरतं २ मिनिटांवर आणलंय. उबुंटू २२.०४ वर इन्स्टॉल केल्यावर नोंद आपोआप सुरू होत नाही, त्याच्या सेटिंगच्या डिफॉल्ट फाइलीत इनेबल्डला ट्रू करावं लागतं, आणि नोंदी ७ दिवसांच्याच राहतात, त्या मी २८ केल्या.

आणि एक, आपल्याकडे लाइट किती जाते माहितीये ना, मशीन परत चालू झालं की सारमध्ये मध्येच 'लिनक्स रीस्टार्ट' अशी ओळ येते. परवा वादळी पावसात एका रात्रीत तीन आल्या, ते काकांना दाखवलं आणि इन्व्हर्टरची बॅटरी दुसऱ्याच दिवशी बदलली.