तारण आणि शिष्यत्व : दोन पायऱ्या की एकच वाट?

तारण म्हणजे पापातून सुटका, शिष्यत्व म्हणजे येशूच्या मागे त्याच्या शिकवणीप्रमाणे चालणं. ही दोन वेगळी की एकच, हा ख्रिस्ती मंडळींतला वाद जुनाच. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) वर्तुळात तो चांगलाच पेटला होता.

एक बाजू म्हणते, तारण म्हणजे फुकट मिळालेलं दान. शिष्यत्व ही त्यानंतरची, किंमत मोजायला लावणारी हाक. आधार बायबलच्या नव्या करारातलं इफिसकरांस पत्र 2:8-9 : कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला तो गुन्हेगार आठवा. ना बाप्तिस्मा, ना सेवा, तरी त्याच दिवशी सुखलोकाचं वचन. खचलेल्या माणसाला ही शिकवण खरोखर धीर देते. पण 'विश्वास ठेवला, झालं' म्हणून हात झटकणाऱ्यांचीही तीच ढाल होते.

दुसरी बाजू दोन्हींत फट मान्य करत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशू आधी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो, आणि हे तो मोजक्या बारा शिष्यांना नाही, मागे लोटलेल्या गर्दीला सांगतो. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबही कृतीविना विश्वास निर्जीव ठरवतो. इथला धोका उलटा : माणूस रोज स्वतःचीच तपासणी करत बसतो, आणि 'पुरेसं' कधी होतच नाही.

माझा कल दुसऱ्या बाजूकडे, पण एका अटीवर. शिष्यत्व हे तारणाचं फळ आहे, भाडं नव्हे. इफिसकरांस पत्रातलं लगेच पुढचं, दहावं वचन सत्कृत्यांबद्दलच आहे. पहिल्या बाजूचे लोक बहुधा नवव्यावरच थांबतात. आणि 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणाऱ्या पेत्र या शिष्यालाही येशू पुन्हा 'माझ्यामागे ये' म्हणतोच ना?