स्टिकरखाली काय होतं? सेकंडहँड सायकल फ्रेममधल्या फसवणुकीचा अनुभव

भाचीला मी शब्द दिला होता, की तुझी बारावीची परीक्षा संपली की तुझ्या हातात रेसिंग सायकल असेल. ती मुलुंडला राहते. दोन वर्षं साध्या हायब्रिड सायकलवर पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला सराव करत होती आणि तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता हिला रोड बाइक लागेल. शिमानो कंपनीच्या १०५ ग्रुपसेटची, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचाची, नवी सायकल तेव्हा लाखाच्या आसपास जात होती. ती आमच्या दोन्ही घरांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. मी व्यवसायाने फिटर आहे, हातात हत्यारं आहेत, म्हणून ठरवलं की सेकंडहँड पार्ट गोळा करून मीच जोडून देतो. बजेट ३५ हजार.

असं जोडणं चुकीचं आहे असं मी आजही म्हणणार नाही. बाकीचे सगळे पार्ट मला नीट मिळाले, कारण मी ते मोजून घेतले. एकाने १०५ चे शिफ्टर (हँडलवरून गिअर बदलायचे) आणि मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा) 'एकाच सेटचे' म्हणून दाखवले. शिफ्टरवर ५७०० होतं आणि डिरेलरच्या पाठीमागे ५८००. पहिला दहा स्पीडचा, दुसरा अकराचा. दोघांचं केबल ओढण्याचं माप वेगळं असतं, त्यामुळे गिअर कधीच जागेवर बसत नाही. मी घेतले नाहीत. दुसऱ्याकडे चाकं छान होती, पण फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकावर दात्यांची कॅसेट जिथे बसते तो भाग, जुन्या दहा स्पीडचा. अकरा स्पीडच्या कॅसेटला १.८५ मिलिमीटर जास्त रुंद फ्रीहब लागतो. तीही सोडली. चेन मी जुनी घेतच नाही, पण कॅसेट किती झिजली असेल याचा अंदाज यायला विकणाऱ्याच्या चेनला स्टीलची पट्टी लावून बघतो. कड्यांच्या बारा जोड्या म्हणजे बरोबर बारा इंच. एक सोळांश इंच जरी वाढलं असेल तरी ती चेन संपली, आणि त्या चेनने कॅसेटचे दातही खाल्लेले असू शकतात.

हे सगळं सांगायचं कारण, मी बेसावध नव्हतो. मोजता येईल ते सगळं मी मोजत होतो.

फ्रेमची जाहिरात डिसेंबरात दिसली. अॅल्युमिनियम ६०६१, कार्बनचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), भाचीच्या मापाची, किंमत १४ हजार. फोनवरचा माणूस पन्नाशीचा वाटला, बोलणं अगदी घरगुती. "दादा, मुलाची सायकल आहे हो. तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, इथे नुसती धूळ खातेय." भाचीसाठी घेतोय हे मी सांगितल्यावर म्हणाला, "मग तुम्हाला साडेअकराला देतो. मुलगी चालवणार म्हटल्यावर मी काय घासाघीस करायची?" आज हे वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो, कारण तेव्हा त्याला त्या फ्रेममध्ये काय आहे ते माहीत होतं.

संध्याकाळी साडेसातला पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीत बोलावलं. घरात नाही, खाली पार्किंगमध्ये. "वर पाहुणे आहेत" म्हणाला. खांबावर एकच ट्यूबलाइट होती. फ्रेम नुकतीच पॉलिश लावून पुसलेली, चकचकीत काळी, खालच्या नळीवर मोठं पांढरं स्टिकर. मी मोजायला व्हर्नियर काढला. मागच्या चाकाची जागा १३० मिलिमीटर, बरोबर. बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो त्या जागेचं, शेल ६८, आटे स्वच्छ, चेनच्या बाजूचे उलटे, जसे हवेत तसे. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, २७.२ चा, हलक्या हाताने वर-खाली होणारा. मुंबईच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं न हललेला सीटपोस्ट फ्रेममध्ये असा धरतो की निघता निघत नाही, म्हणून ते मी आवर्जून बघतो. सगळं बरोबर होतं. बॉटम ब्रॅकेटखाली सीरियल नंबर दिसला नाही. विचारलं तर म्हणाला, "पावडर कोटिंग करून घेतलं ना, त्यात बुजला." मधेच त्याला फोन आला आणि तो माझ्यासमोर म्हणाला, "नाही हो, एक जण बघतायत, त्यांनी नाही घेतली तर तुम्ही या." दोन हजार यूपीआयने घेतले, उरलेल्या साडेनऊ हजारांना "आजची लिमिट संपली, कॅश द्या" म्हणाला. बिल नव्हतं. चिठ्ठीवर दोन ओळी लिहून द्या म्हणायला मला त्या वेळी संकोच वाटला.

सायकल मार्चच्या शेवटी तयार झाली. भाचीचा चेहरा काय झाला ते मी लिहीत बसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन. "मामा, पायडलवर उभी राहिले की कट् असा आवाज येतोय." असा आवाज बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेटचा असतो. तो उघडला, आटे पुसले, ग्रीस लावून पुन्हा आवळला. आवाज तसाच. मग पायडल, सीटपोस्ट, चिमट्याचे बेअरिंग, हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट, एकेक करून दोन रविवार गेले. शेवटी सायकल मुलुंडच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी पाना उचलला नाही. भाचीला सीटवर बसवून दोन्ही ब्रेक दाबायला सांगितले, हँडल पुढे-मागे ढकललं आणि खालच्या नळीवर हात ठेवून डोळे मिटले. मग म्हणाले, "स्टिकर काढू?"

हेअर ड्रायरने गरम करून स्टिकर सोललं. त्याच्या कडेला रंगात केसासारखी बारीक रेघ होती. काकांनी अंगठ्याचं नख त्या रेघेत घातलं आणि रंगाचा रुपयाएवढा टवका उडाला. खाली राखाडी लांबी. गाडीचा पोचा भरायला गॅरेजमध्ये वापरतात तीच. ती खरवडल्यावर आर्गन वेल्डिंगचा ओबडधोबड उंचवटा दिसला, डिस्क ग्राइंडरने सपाट केलेला, चकतीच्या गोल ओरखड्यांसकट. आणि त्या वेल्डिंगच्या काठाने नळीच्या जवळजवळ एक तृतीयांश घेरात नवी चीर. फ्रेम आधी एकदा तुटली होती. कोणीतरी ती जोडली, लांबी भरली, रंग मारला, वर स्टिकर लावलं. आता ती तिथेच पुन्हा तुटत होती, हँडलखालच्या त्याच जोडापाशी.

वेल्डिंग केलं तर बिघडलं काय, असं एका मित्राने विचारलं. ६०६१ अॅल्युमिनियमची ताकद उष्णोपचारातून येते. कारखान्यात जोड मारल्यावर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीतून काढतात. गल्लीतला वेल्डर कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे ती भट्टी नसते, आणि जोडाच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो. त्यात अॅल्युमिनियमला थकवा लागतो. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक पेव्हर ब्लॉकला चीर थोडी पुढे सरकते. पुढच्या रविवारी भाची मैत्रिणींबरोबर ठाण्याच्या येऊरचा चढ करायला जाणार होती. चढल्यावर उतरायचंही असतं. त्या उतारावर हँडलखालची नळी तुटली असती तर काय झालं असतं, हे माझ्या बहिणीला मी अजूनही पूर्ण सांगितलेलं नाही.

त्या माणसाला फोन केला. पहिलं उत्तर शांतपणे आलं: "बघूनच घेतलीत ना? सेकंडहँडला गॅरंटी नसते." मी वेल्डिंगचा फोटो पाठवला, त्यानंतर नंबर लागलाच नाही. त्या सोसायटीत गेलो तर वॉचमन म्हणाला, असं कोणी इथे राहत नाही, कोणाची तरी ओळख सांगून पार्किंगमध्ये उभे होते. यूपीआयवरचं नाव तिसऱ्याच माणसाचं निघालं.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. लोक अजून चारसोवीस म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. अर्ज घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी आधी विचारलं, की तुम्ही काय घेतलंत याचा कागद कुठे आहे? माझ्याकडे दोन हजारांच्या व्यवहाराचा नंबर आणि जाहिरातीचा एक स्क्रीनशॉट होता, तोही भाचीने हौसेने काढून ठेवला म्हणून. साडेनऊ हजार रोख दिल्याचा कसलाही पुरावा नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली तर १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, जितका लवकर तितका पैसे अडवता येण्याचा संभव जास्त. माझ्या बाबतीत चार महिने उलटले होते. बुजवलेल्या सीरियल नंबरबद्दल सांगितल्यावर ते म्हणाले, ही चोरीचीही असू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे, हे मला त्या टेबलासमोर पहिल्यांदा नीट उमगलं. नंबर नसलेली फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नका.

फ्रेम बघायची ती उजेडात, सकाळी. पॉलिश लावलेली असेल तर ओल्या फडक्याने पुसा. कुठलंही मोठं किंवा नव्याने लावलेलं स्टिकर असेल तर सरळ विचारा, काढू का? प्रामाणिक माणूस कुरकुर करेल, पण काढू देईल. हँडलखालचा जोड, सीटखालचा जोड, बॉटम ब्रॅकेटच्या आसपास आणि मागच्या चाकाच्या खाचांपाशी नख फिरवा. नळीवर नाण्याने टकटक करत सावकाश पुढे जा. मोकळा धातू खणखणतो, लांबीवर आवाज बद्द येतो. अख्खी फ्रेम नव्याने रंगवलेली असेल तर का रंगवली याचं पटणारं कारण हवं. ओरखडे असलेला मूळ रंग मला आता कुठल्याही चकाकीपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. हँडलची टेपही उलगडून बघा, घामाने खालचं अॅल्युमिनियम खाल्लेलं असू शकतं. शिमानोच्याच जुन्या अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस संचाचा क्रँक (पायडल जोडलेले दांडे) घेत असाल तर लक्षात ठेवा, जून २०१२ ते जून २०१९ मध्ये बनलेले अकरा स्पीडचे, भाग चिकटवून केलेले क्रँक शिमानोने २०२३ मध्ये तपासणीसाठी परत मागवले होते. आतल्या बाजूचा कोड बघून खात्री करा. आणि घरी बोलवत नसेल त्या माणसाकडून चिमटा आणि फ्रेम घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

काकांच्या ओळखीने एक दुसरी फ्रेम मिळाली, नऊ हजारांत. मूळ मालक ठाण्याचे, बिल होतं, नंबर होता, रंग जागोजागी गेलेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे पार्ट तिच्यावर चढवले.

जुनी फ्रेम माझ्या गॅलरीत पडून होती. एकाने निरोप पाठवला, साडेतीन हजार देतो, आम्ही रंगवून घेऊ. त्या रविवारी भाचीला बोलावून घेतलं. तिने चिमट्याची बाजू धरली, मी हॅक्सॉने खालची नळी वेल्डिंगच्या जरा वर कापली, मग वरची. कापलेल्या तोंडाशी नळीची भिंत दिसत होती, कागदासारखी पातळ, आणि तिच्यावर बसलेला लांबीचा थर तिच्याहून जाड होता.