विंडोज ११ की लिनक्स मिंट?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि धडधाकट लॅपटॉप असलेले कितीतरी जण पेचात पडले. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे बहुधा नवं मशीन. नाहीतर आहे त्यावरच मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम. मी मिंटवर आहे, तेव्हा पुढचं त्या हिशेबाने वाचा.

टॅली, श्रीलिपी किंवा डीएससी (डिजिटल सही) यांवर पोट असेल तर फार विचार करू नका, विंडोजच ठेवा. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून काही जुगाड जमतात, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना जुगाड नको. मराठी टायपिंगचा मात्र बाऊ करू नका. इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे तोच. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने मराठी टाइप करणाऱ्यांना, मिंटमध्ये आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरशी थोडी खटपट करावी लागते. विंडोजमध्ये ते सेटिंग्जमध्ये तयारच असतं.

माझं घोडं अडलं ते टास्कबारपाशी. हसाल, पण बघा: लॅपटॉपचा स्क्रीन रुंद आणि बुटका. त्यात आपली देवनागरी, वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. म्हणून मी टास्कबार वर्षानुवर्षं डाव्या कडेला उभा लावत आलो. २०२१मध्ये विंडोज ११ आली ती नेमकी ही सोय वगळून. बार लपवता येतो, ऑफिसच्या मशीनवर तेही करून पाहिलं. पण शेवटच्या ओळीकडे माउस नेला की तो वर डोकावतोच. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये पॅनेल (तिथला टास्कबार) डावीकडे नेलं आणि विषय संपला. मोजपट्टी लावलेली नाही, पण लांब मजकूर तपासताना स्क्रोल करणं कमी झालं, एवढं नक्की.

बॅटरी विंडोजवर किंचित जास्त टिकायची, असं मला वाटतं. शिवाय वायफायची चिप अडमुठी निघाली तर मिंट पहिल्याच दिवशी घाम काढू शकतं. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा आणि वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासून घ्या. इन्स्टॉल करायची गरज नाही. मिंट २२ला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, तोवर नव्या लॅपटॉपचे पैसे खिशात. नवा घ्यायचाच असेल तर त्यात विंडोज ११ आलेली असेलच. तो पेनड्राइव्ह त्यालाही एकदा लावून बघायला हरकत नाही.