सोजतची मेंदी पावडर, आठ महिन्यांनंतर: रंगाचे गुण परत दिले, चाळणीचे नाही

जानेवारीत याच पावडरीला मी एकच तारा दिला होता आणि खाली चार ओळी चांगल्या तिखट लिहिल्या होत्या. त्यातल्या तीन आज मागे घेते आहे. चौथी होती पाकिटावरच्या ‘तीनदा चाळलेली’ या शब्दांबद्दल. ती तशीच राहणार, उलट वाढणार.

अर्धा किलोचं पाकीट डिसेंबरात ४८० रुपयांना मागवलं. भाचीचं लग्न होतं. मेंदीवाल्या मुलीने कोपरापर्यंतच्या दोन हातांचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी ताईला म्हटलं, राहू दे, मीच काढते. नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीत पंचवीस वर्षं मीच काढते आहे, एका कपभर चहावर. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, भांडण माझं आणि त्यांचं आहे. माल मात्र राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतचा. सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते पाकिटावर ठळक छापलेलं आहे.

तर लग्नाची मेंदी. सकाळी दहाला दोन लिंबं पिळून भिजवली, दुपारी तीनला कोन भरले. उजव्या तळहातावरची कोयरी अर्धी झाली आणि कोन अडकला. दाबला, येईना. आणखी दाबला तर फस्सकन गोळा बाहेर आला आणि कोयरीचं वांगं झालं. टाचणीने कोनाचं तोंड कोरलं तेव्हा आतून निघाला पाल्याच्या शिरेचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा, वाळका, पिवळट. तो मी कागदावर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्या कागदावर असे अकरा जमले. अकरा! मोजले आहेत, फोटोही आहे. तीनदा चाळलेली म्हणे. कशातून चाळली, दाराच्या जाळीतून?

थंडी मरणाची, पारा दहाच्या आसपास, मुलगी कुडकुडत होती. शिवाय जेवणं खोळंबली होती, म्हणून दोन तासांत मेंदी खरवडून काढली. सकाळी तळहात गाजराच्या रंगाचे. भाची म्हणाली, “मावशी, हळद उद्या आहे ना? तू आजच लावलीस का?” सगळे हसले. मीही हसले आणि रात्री बसून तो एक तारा दिला.

विक्रेत्याकडून फोन आला. मुलगा नम्र होता. “मॅडम, किती तास भिजवली होती?” मला इतका राग आला! पंचवीस वर्षं मेंदी काढणाऱ्या बाईला हा विचारतो, किती तास. मी म्हटलं, ते सोडा, अकरा काड्यांचं बोला. तो म्हणाला, फोटो पाठवा. पाठवला. दोन दिवसांनी पंधरा टक्के सवलतीचं कुपन आलं, पण किमान ९९९ रुपयांच्या खरेदीवर. म्हणजे काड्यांची तक्रार करणाऱ्या बाईने आणखी दुप्पट काड्या विकत घ्यायच्या.

पण ‘किती तास’ डोक्यातून जाईना. साडेतीनशे ग्रॅम पावडर उरलेली, टाकून द्यायला जीव होत नव्हता. फेब्रुवारीत चमचाभर भिजवली आणि डाव्या मनगटाच्या आत टिकल्या लावून बघितल्या: चार तासांनी एक, बारा तासांनी दुसरी, चोवीस तासांनी तिसरी, छत्तिसाव्या तासाला चौथी. प्रत्येक टिकली सहा तास ठेवली. पहिली टिकली दोनच दिवसांत दिसेनाशी झाली. तिसरी विटेसारखी. चौथी सुपारीसारखी तपकिरी, ती नवव्या दिवशीही ओळखू येत होती. पावडर तीच, हात तोच.

मेंदीच्या पाल्यातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. ते भिजल्याबरोबर सुटं होत नाही, हळूहळू मोकळं होतं आणि मग कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. उन्हाळ्यात हे काम पाच-सहा तासांत उरकतं, थंडीत दिवस-दीड दिवस घेतं. लिंबाच्या आंबटपणाने ते आणखी मंदावतं. मी मे महिन्याचा हिशोब जानेवारीत लावला होता, वर दोन लिंबं पिळून. आमच्या आईचं “सकाळी भिजवली, दुपारी लावली” खरंच होतं, पण ती लावायची अक्षय्य तृतीयेला.

आता मी घड्याळ बघत नाही. भिजवलेल्या मेंदीचा ठिपका तळहातावर लावते, पाच मिनिटांनी पुसते. नारिंगी डाग राहिला की कोन भरायचे. थंडीत वाटी सेट-टॉप बॉक्सवर ठेवते, तिथे कायम कोमट असतं. यजमानांना ते आवडलेलं नाही.

आता तेलाबद्दल, रंग गडद यावा म्हणून भिजवताना घालतात त्या. पाकिटाबरोबर ‘मेंदी ऑइल’ची बाटली फुकट येते. त्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही आणि वास स्टोव्हचा. ती मी वापरली नाही, तुम्हीही वापरू नका. मेडिकलमधून शुद्ध निलगिरी तेल आणलं, शंभर ग्रॅम पावडरीला तीस मिली. तेल पावडरीपेक्षा महाग पडतं हे मला अजून बोचतं. आधी पाच मिली घालून बघितलं होतं, काटकसर म्हणून. फरक पडतो, पण पाच मिलीचाच पडतो. लहान मुलांना आणि दिवस गेलेल्या मुलींना हे तेल नको, त्यांच्यासाठी साध्या पाण्यात भिजवलेली वेगळी वाटी ठेवते. लवंगेचं तेल मुळीच घालू नका, कातडी चुरचुरते. तव्यावर लवंगा टाकून हात शेकायचे ते वेगळं. त्यात उबेचा उपयोग होतो, आणि घरभर लग्नाचा वास येतो तो फुकट.

लोखंडी कढई, चहाचं पाणी, कात हे केसांच्या मेंदीचं. हाताला त्याने काही होत नाही, भिजवलेली मेंदी तेवढी काळी दिसते आणि आपण फसतो. काढल्यावर चुना चोळण्याचाही सल्ला मिळाला. चोळला. लगेच गडद झालं खरं, पण बोटांच्या बेचक्यात दोन दिवस आग होत होती. पंधरा मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या कोनांविषयी तर बोलायलाच नको. काळी मेंदी नावाचं काही झाडावर उगवत नाही. तो काळेपणा बहुतेक वेळा केसांच्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो, आणि त्याने फोड आलेला हात मी शेजारी बघितला आहे.

आता श्रावण. त्याच भाचीची पहिली मंगळागौर, आणि तीच पावडर. रविवारी दुपारी मेंदी काढली, रात्रभर ठेवली, वर लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपलं. जरा जास्त टिपलं. नाशिकच्या पावसात हवा आधीच ओली, त्यात साखर, त्यामुळे मनगटावरची वेल ओघळली. पावसाळ्यात साखर निम्मी करा. सकाळी पाणी न लावता खरवडली, खोबरेल चोळलं. रंग नारिंगीच! भाचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब, हवा लागली की गडद होतो. दिवसभर भांड्यांना हात लावू दिला नाही. मंगळवारी पहाटे तिने फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. तळहात पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखे. तळहाताची कातडी जाड म्हणून तिथे इतका, मनगटाच्या वर लालसर तपकिरी, तिथे त्यापुढे जात नाही. बारा दिवसांनी ती सासरहून आली तेव्हाही कोयरी ओळखू येत होती.

आणि कोन? एकदाही अडकला नाही. पण त्याचं श्रेय विक्रेत्याला नाही. मेन रोडवरून नायलॉनच्या पायमोज्यांची जोडी आणली, ४० रुपये, आणि भिजलेली मेंदी त्यातून पिळून घेतली. अर्धा तास पिळत होते, मनगट भरून आलं. मोज्यात मागे राहिला तो चोथा वाळवून ठेवला आहे, चांगला मूठभर आहे. हे काम पाकिटावर तीनदा झाल्याचं लिहिलेलं आहे, म्हणून सांगते. पाकिटाची झिपही पहिल्याच महिन्यात गेली, पण त्याचं काही वाटत नाही, पावडर डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवली. उरलेले कोनही तिथेच, मटारांशेजारी. अर्धा तास आधी बाहेर काढले की चालतात.

रंगाला पाच. चाळणीला शून्य. मिळून तीन तारे देते आहे. चार देणार होते, पण ४० रुपयांचे मोजे आठवले.

नवरात्रासाठी पुढचं पाकीट मागवलं आहे, कुपन न वापरता. जोडीतला एकच मोजा वापरला होता, दुसरा अजून कोरा आहे.