नऊ महिन्यांनंतर: सेकंडहँड फोर्ज्ड आयर्न सेट आणि दोन मिलिमीटरची फट

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी पावणेसातला गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, माझ्या सात नंबरच्या आयर्नचं (लोखंडी क्लबचं, म्हणजे बॉल मारायच्या काठीचं) हेड उडालं. बॉलची अर्धी बकेट मारून झाली होती, हात गरम झाले होते, शॉटही चांगला बसल्यासारखा वाटला. पण हातातलं वजन एकदम गेलं. बॉल दहा पावलांवर पडला आणि हेड त्याच्या कितीतरी पुढे गवतात गिरक्या घेत गेलं. शेजारच्या मॅटवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर शिकत होता. हेड त्याच्या बाजूला गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

सेट ऑक्टोबरमध्ये घेतला. पाच ते नऊ आणि पिचिंग वेज (जवळच्या शॉटचा क्लब), सहा क्लब, फोर्ज्ड (घडीव) कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून पोकळ हेड, स्टीलचे शाफ्ट (दांडे), रेग्युलर फ्लेक्स, म्हणजे मध्यम लवचीक. किंमत 26,000 रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. विकणाऱ्या दुकानाने जुने शाफ्ट काढून दुसरे बसवले होते, आणि घोळ तिथे झाला. दुकानाचंही नाव देत नाही. मला सांगायचं आहे ते कुठल्याही दुकानातून जुना सेट घेणाऱ्याच्या उपयोगाचं आहे.

गोल्फकडे मी उशिरा वळलो. 7 ऑगस्ट 2021 ला, शनिवारीच, पहाटे उठून टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचा शेवटचा राउंड पाहिला. बाकीच्या मुली तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारत होत्या आणि ही पोरगी पटरच्या (बॉल भोकात ढकलायच्या क्लबच्या) जोरावर त्यांच्या बरोबरीने उभी होती. ब्राँझ एका स्ट्रोकने हुकलं, चौथी आली. ताकद नसली तरी नेमकेपणावर हा खेळ खेळता येतो, हे मला त्या सकाळी कळलं. तेव्हा वय 52. खारघर व्हॅलीचं सिडकोचं कोर्स घरापासून वीस मिनिटांवर, आणि क्लबाची मेंबरशिप नसली तरी तिथे पैसे भरून खेळता येतं. नाहीतर माझ्यासारख्या पगारदाराने हा खेळ टीव्हीवरच पाहिला असता. पहिली तीन वर्षं मित्राने दिलेल्या जुन्या सेटवर काढली आणि मग हा घेतला.

पहिले तीन आठवडे मी खूष होतो. फोर्ज्ड क्लबवर बॉल मधोमध बसला की हाताला जे जाणवतं ते आधीच्या सेटमध्ये कधी जाणवलं नव्हतं. आणि कॅव्हिटी बॅक असल्यामुळे थोडा इकडेतिकडे बसला तरी शॉट पार वाया जात नाही. हेडचं वजन मधून काढून कडेला नेलं की चुकीच्या जागी बसलेल्या बॉलवर हेड कमी वळतं. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरने हा विचार आधी पटरमध्ये आणला आणि मग आयर्नमध्ये, आणि आपल्यासारखे हौशी लोक त्याचं खातात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून सात नंबर उजवीकडे जायला लागली. (मी उजव्या हाताचा.) एकशेतीस यार्डांवर पंधरा-वीस यार्ड उजवीकडे. आठ नंबरही थोडी तशीच. बाकीच्या क्लबना काही नाही. खरं तर इथेच मला शंका यायला हवी होती. स्विंग एकच, तर दोनच क्लब का बिघडतील? पण आपण नवशिके असलो की दोष आधी स्वतःत शोधतो. मी कोच लावला. सहा सेशन, प्रत्येकी 1,200, म्हणजे 7,200 रुपये. त्यांनी माझी पकड घट्ट उजवीकडे वळवली, खांदे बंद करायला लावले, घरी आरशासमोर रोज पन्नास वेळा स्विंग करायला सांगितला. मी सगळं केलं. सात नंबर थोडी सुधारली, आणि सहा नंबर डावीकडे जायला लागली. हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) 27 वरून 29 वर गेला. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या वीस राउंडमधले सर्वांत चांगले आठ धरतात, त्यामुळे दोन-चार वाईट दिवसांनी काही बिघडत नाही. दोनने वर जायचं म्हणजे महिनाभर सतत वाईट खेळावं लागतं. मी खेळलो.

आता ती फट. हेडच्या नळीत, म्हणजे हॉझेलमध्ये, शाफ्ट जिथे शिरतो तिथे काळ्या प्लास्टिकचं एक कडं असतं, त्याला फेरूल म्हणतात. ते हॉझेलला अगदी चिकटून बसलेलं असायला हवं, नखही आत जाता कामा नये. माझ्या सात नंबरवर ते डिसेंबरमध्ये दोन मिलिमीटर वर सरकलेलं होतं. मी ते पाहिलं होतं. अंगठ्याने खाली दाबायचो, पुढच्या रेंजला परत वर. फेरूल दिसण्यापुरतंच असतं, त्याने काही अडत नाही, असं बऱ्याच जणांनी सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. ते अर्धं खरं आहे. फेरूल काही धरून ठेवत नाही. पण बसवलेलं फेरूल पुन्हा पुन्हा वर येत असेल तर खाली शाफ्ट हलत असण्याची शक्यता असते, हे कोणी सांगितलं नाही.

हेड उडाल्यावर मी ते आणि शाफ्ट दोन्ही घेऊन एका काकांकडे गेलो. पूर्वी कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) होते, आता वय सत्तरच्या पुढे, घराच्या पडवीत क्लब दुरुस्त करतात. त्यांनी शाफ्टचं टोक उजेडात धरलं आणि मला म्हणाले, "साहेब, हे बघा. आरसा आहे आरसा."

खरंच. शाफ्टचं खालचं सव्वा इंच टोक चकचकीत क्रोमचं होतं, एक ओरखडा नाही. इपॉक्सी, म्हणजे जोडाचा गोंद, हॉझेलच्या आत गोल नळीसारखी अख्खी राहिली होती, तिला शाफ्टचा कण लागलेला नव्हता. क्रोमवर इपॉक्सी नीट धरत नाही. शाफ्ट बसवायच्या आधी टोकावरचं क्रोम पॉलिश पेपरने किंवा बेल्टवर घासून काढायचं, धातू खरखरीत करायचा, स्पिरिटने पुसायचा, मगच इपॉक्सी. दुकानाने घासायचं कामच केलं नव्हतं. शाफ्ट आत नुसता अडकून बसला होता.

मग काकांनी बाकीचे पाच क्लब मागितले. आठ नंबरचं हेड व्हाइसमध्ये (शिकंज्यात) रबराच्या तुकड्यात धरलं आणि शाफ्ट दोन्ही हातांनी पिळला. कट् असा आवाज आला. पुन्हा पिळला, पुन्हा कट्. ग्रिपवरची (मुठीवरची) खूण आणि हेडवरच्या आडव्या खाचा मूळच्या रेषेत नव्हत्या, हेड तीन-चार अंश उघडं वळलं होतं. म्हणजे मी सरळ मारला तरी फेस, म्हणजे हेडचा बॉलला लागणारा भाग, उजवीकडे बघत होता. सात नंबर मी सर्वांत जास्त मारतो, तेव्हा तिचं हेड आधी वळलं आणि आधी सुटलं, हे उघड आहे. दोन महिने मी माझा स्विंग दुरुस्त करत होतो, कोच माझी पकड बदलत होते, आणि आम्हा दोघांपैकी कोणी क्लब हातात घेऊन पिळून पाहिला नाही. मला याचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

सात नंबरचं हेड सुटलेलंच होतं, बाकीची पाच काकांनी काढली. हीट गनने हॉझेल तापवायचा आणि सरळ ओढायचं. सात नंबर धरून चार टोकं चकचकीत निघाली, दोन घासलेली. त्या दोन टोकांची हेड मात्र काढताना चांगलीच झुंजली. सगळी टोकं 80 नंबरच्या पेपरने घासली, हॉझेल आतून ब्रशने साफ केले, नवी फेरूल, इपॉक्सीचे दोन भाग समान मिसळून शाफ्टवर आणि हॉझेलमध्ये लावली, शाफ्ट फिरवत फिरवत आत. शेवटी फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन फेरूलची कडा एका फटक्यात पुसली, की ती काचेसारखी झाली. हे बघत मी तिथे दोन तास बसलो होतो. क्लब चोवीस तास भिंतीला टेकवून ठेवले, हात लावू दिला नाही. एका क्लबचे 250, सहाचे 1,500 रुपये.

दुकानाला फोन केला तर पहिलं वाक्य: "सर, बॅग गाडीच्या डिकीत ठेवता ना? मग उष्णतेने सुटलं असणार." डिकीत बॅग ठेवणं वाईटच, तापून थंड होण्याने चिकटवलेला जोड हळूहळू कमजोर होतो, मी आता ठेवत नाही. पण डिकीतल्या उष्णतेने शाफ्टवर क्रोम परत चढत नाही. हे मी फोनवर सांगितलं, फोटो पाठवले, तीन आठवडे उत्तर नाही. मग शाफ्टचे फोटो छापून घेऊन स्वतः गेलो आणि काउंटरवर ठेवले. पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. ती मी नाकारली. तिसऱ्या खेपेला, मार्चमध्ये, दुरुस्तीचे 1,500 रोख दिले. पण मी दुसरी गोष्ट मागत होतो. त्याच काळात त्यांनी ज्यांना ज्यांना शाफ्ट बदलून क्लब विकले त्या सगळ्यांना फोन करून तपासायला बोलवा, असं मी म्हटलं. "बघू" म्हणाले. त्यांनी कोणाला बोलावल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. रेंजवरच्या त्या मुलाचं मी त्यांना सांगितलं होतं.

जानेवारीत मी या सेटला पाचपैकी एक दिला असता. तो आकडा आता खोडावा लागतोय.

फेब्रुवारीत सात नंबर उजवीकडे जायची थांबली आणि डावीकडे जायला लागली, सगळ्याच आयर्न थोड्या डावीकडे. यात दोन गोष्टी होत्या. एक, कोचने बदललेली पकड, जी वळलेल्या हेडसाठी होती. ती परत मूळ जागी आणली. दुसरी, माझी उंची पाच फूट चार. माझ्यासारख्या बुटक्या माणसाच्या हातात नेहमीच्या मापाचा क्लब बॉलजवळ जमिनीवर टेकताना पुढचं टोक, म्हणजे टो, वर राहतो, आणि तसा क्लब बॉल डावीकडे पाठवतो. काकांनी तपासायची रीत दाखवली ती कोणालाही घरी करता येईल: बॉलवर पुसता येणाऱ्या मार्करने एक जाड उभी रेघ काढायची, रेघ फेसकडे करून बॉल ठेवायचा आणि मारायचा. रेघ फेसवर उमटते. ती खाचांना काटकोनात उभी असली तर लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, बरोबर. माझी रेघ वरून टोच्या बाजूला कलली होती, पाच वेळा मारली, पाचही वेळा तशीच. म्हणजे लाय जास्त उभा. फोर्ज्ड असल्यामुळे हॉझेल वाकवता येतो, काकांनी यंत्रावर सहाही क्लब दोन अंश आडवे केले. 1,200 रुपये. ओतीव, कडक स्टीलच्या हेडला हे करताना हॉझेल तुटायची भीती असते, म्हणून जुना सेट घेताना फोर्ज्ड आहे का हे मी आता पहिलं विचारीन.

त्यानंतरचे चार महिने हा सेट मी ज्यासाठी घेतला होता तसा वागतोय. सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, 33 अंश आहे. लॉफ्ट कमी तितका बॉल लांब जातो, आणि नंबर लहान तितका लॉफ्ट कमी. मित्रांच्या नव्या सेटमध्ये सात नंबर 28-29 अंशांची असते, ती माझ्यापेक्षा पंधरा यार्ड लांब जाते आणि मग त्यांना वाटतं त्यांचा सेट चांगला. त्यांच्या सात नंबरचं काम माझी सहा नंबर करते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माझी सात नंबर ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पडून थांबते, त्यांची बरेचदा मागे निघून जाते.

पाऊस सुरू झाल्यावर जुन्या ग्रिप हातात फिरायला लागल्या. कोर्सजवळच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूने सर आली की पाच मिनिटांत सगळं ओलं, आणि घाम वेगळाच. सहा नव्या कॉर्डच्या (दोऱ्याचे धागे घातलेल्या) ग्रिप बसवल्या, 550 ची एक, म्हणजे 3,300. कॉर्ड उघड्या हाताला टोचतो, पण पावसाळ्यात दुसरं काही चालत नाही.

हिशेब: 26,000 सेट, 1,500 जोडणी (परत मिळाले), 1,200 लाय, 3,300 ग्रिप. नव्या फोर्ज्ड सेटच्या मानाने अजूनही पुष्कळ स्वस्त. कोचचे 7,200 मी यात धरत नाही, पण विसरलोही नाही. हँडिकॅप आज 24. पाचपैकी चार.

उरलेला एक गुण पाच नंबरचा. माझ्या वेगाला ती उचलली जात नाही, बॉल खालूनच जातो, तिच्या जागी हायब्रिड (बॉल सहज उचलणारा, जाड हेडचा क्लब) घेतलाय. पाच नंबर विकायची आहे, 1,800 रुपये. नवीन फेरूल, टोक घासलेलं, लाय दोन अंश आडवा. काकांनी जोडणीची तारीख ग्रिपच्या खाली शाफ्टवर मार्करने लिहून वर पारदर्शक टेप लावली आहे. घेणाऱ्याने समोर व्हाइसमध्ये धरून पिळून पाहावी, मीच घेऊन येईन.