ऊस सहकारीला घालावा की खासगीला?

उसाची लागण झाली की आमच्याकडे दोन चिटबॉय (कारखान्याचे ऊस नोंदणारे कर्मचारी) येतात, एक सहकारी कारखान्याचा, एक खासगीचा. नोंद कुणाला द्यायची, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मी पाच हंगाम खासगीला ऊस घातला. गेली तीन वर्षं पुन्हा सहकारीला घालतोय.

खासगीचं चांगलं आधी सांगतो. पैसे वेळेवर. कायदा ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्या म्हणतो, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. सहकारीत मला एकदा दोन महिने थांबावं लागलं, आणि संचालक भावकीतलाच असला की व्याज मागायला तोंड उघडत नाही. तोडही खासगीची लवकर आली. रान मोकळं करून गहू पेरायचा असेल, त्याला याची किंमत कळते.

माझं मन फिरलं ते बिलातल्या एका ओळीने: तोडणी-वाहतूक. एफआरपी कारखान्याच्या गेटवरची असते. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला 3,550 रुपये, पण हातात पडतात ते तोडणी-वाहतूक वजा जाऊन. माझ्या बांधावरून खासगीची चिमणी दिसते, ट्रॉली अर्ध्या तासात गेटवर. तरी कपात सत्तर किलोमीटरवरून ऊस येणाऱ्याइतकीच, कारण खर्च सगळ्यांवर सरासरीने टाकलेला. गाळप वाढवायला लांबचा ऊस त्यांनी आणायचा आणि त्याचं भाडं मी भरायचं! कारखान्याच्या शेती विभागात विचारलं, तर उत्तर मिळालं, "मग दुसरीकडे घाला."

दुसरीकडे म्हणजे कुठे? दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर ठेवायचा नियम आहे, त्यामुळे जवळ तिसरा गेट नाही. सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट बघता येते. तोडलेला ऊस रोज वजनाला घटतो, उभा ठेवला तर तुरा येऊन नुकसान. हे कारखान्यांनाही माहीत असतं.

आमच्या सहकारीचा बहुतेक ऊस आसपासच्या गावांतला, म्हणून माझी कपात टनामागे शंभरावर रुपयांनी कमी बसली. शिवाय वार्षिक सभेत उभं राहून तोडणी-वाहतुकीचा हिशेब मागता आला. सभासदाला तेवढा हक्क आहे. दिवाळीची सवलतीची साखर मी यात धरत नाही.

तुमच्या भागात चित्र वेगळं असू शकेल. सहकारी कर्जात रुतलेला असेल तर खासगीच बरा. नोंद देण्याआधी दोन्हीकडे ऊस घातलेल्या शेजाऱ्यांची गेल्या हंगामाची बिलं मागून घ्या आणि ती ओळ बघा. माझ्या खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाची) नोंद यंदाही सहकारीलाच दिली आहे.