छोट्या ट्रॅक्टरने ओंडके ओढणं: मुरबाडमधला सात महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर 24 एचपीचा, चारही चाकांना ताकद जाणारा छोटा ट्रॅक्टर घेतला. आता मृग लागलाय, वरकसावरचं, म्हणजे वरच्या उताराच्या जमिनीवरचं, काम थांबलंय, म्हणून लिहायला बसलो. मीटरवर दोनशे दहा तास झालेत. त्यातले साठ-सत्तर तास नुसते ओंडके ओढण्यात गेले. बाकी चिखलणी, ट्रॉली, रोटाव्हेटर यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. ओंडक्यांबद्दल मला घेण्याआधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत मी जवळजवळ मोजणार होतो.

आमची जमीन मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, वर उताराची वरकस जमीन. वडिलांनी लावलेला साग, बांधावरचे ऐन आणि वाऱ्याने पडलेले दोन मोठे आंबे एवढं लाकूड वर होतं. झाडं मालकीची असली तरी साग, ऐन, आंबा, खैर यांना 1964 च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि वाहतुकीचा पास हातात आल्याशिवाय माल रस्त्यावर काढता येत नाही. तो सोपस्कार आधी पुरा केला. खरा प्रश्न होता वरून खाली, गाडी लागते त्या जागेपर्यंत, ओंडके आणायचे कसे.

पूर्वी हे काम बैलांचं. आमचे आप्पा म्हसा गावच्या यात्रेतून जोडी आणायचे आणि पौष-माघात साग ओढायचे. मी ट्रॅक्टर घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बैल अडला की थांबतो रे. हा थांबेल का?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा अर्थ कळला.

झालं असं. दहा फुटी सागाचा ओंडका, घेर तीन फुटांचा. काही फार मोठा नव्हे. साखळी कुठे अडकवायची हे मी ठरवलेलंच नव्हतं. खाली ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांड्याला, लावली तर ओंडक्याचं तोंड मातीत रुततं, वर लावली तर तोंड जरा उचलून येतं, असा माझा हिशेब. म्हणून साखळी टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) कानाला, म्हणजे मागच्या धुऱ्याच्याही (चाकांच्या आसाच्याही) वर, अडकवली. चढावर पहिला लो गियर, क्लच सोडला, ओंडका सरकला. वीसेक फूट गेल्यावर त्याचं तोंड एका जुन्या सागाच्या खुंटाला आडवं आलं. मला मागे बघायचं सुचलं नाही. इंजिनचा आवाज जड झाला, आणि पुढचं बोनेट शांतपणे, अगदी सावकाश वर यायला लागलं. आधी समोरचा बांध दिसेनासा झाला, मग झाडांचे शेंडे दिसले. पाय क्लचवर कसा गेला मला आठवत नाही. पुढची चाकं धप्पकन खाली आली आणि इंजिन बंद पडलं. भाचा बाजूला उभा होता, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चाकं कमरेएवढी वर गेली होती. ट्रॅक्टरला सीटच्या मागे घडीचा रोल बार आहे, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान. फांद्यांना लागतो म्हणून मी तो त्या दिवशी पाडून ठेवला होता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

कारण नंतर शांतपणे समजून घेतलं. ओंडका अडला, मागची चाकं मातीत घट्ट बसली, आता ती फिरणार नाहीत. पण इंजिन ताकद देतच राहतं. ती ताकद चाकाला फिरवू शकली नाही की ट्रॅक्टरच्या धडाला मागच्या धुऱ्याभोवती फिरवते. साखळी धुऱ्याच्या वर असेल तर ती वरूनच मागे खेचते आणि पलटीला मदत करते. धुऱ्याच्या खाली, ड्रॉबारला असेल तर पुढचा भाग उचलू लागताच ड्रॉबार खाली जातो आणि ओढ कमी होते. फरक फक्त दीड-दोन फुटांच्या उंचीचा. आणि मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. माझं चढावर हळू झालं ते निव्वळ लो गियरमुळे.

म्हणून कुणी विचारलं की छोट्या ट्रॅक्टरने लाकूड ओढता येतं का, तर माझं उत्तर आहे, येतं. पण किती एचपी हे नंतर विचारा, साखळी कुठे लावणार ते आधी सांगा.

त्यानंतर आठवडाभर काम बंद ठेवून सरळगावात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ओढायची फळी करून घेतली. जाड पत्र्याची उभी फळी, ट्रॅक्टरच्या दोन्ही खालच्या लिंकना (अवजार धरणाऱ्या खालच्या दांड्यांना) आणि वर टॉप लिंकला बसते. पिना खालच्या 22 मिमीच्या, वरची 19 ची, छोट्या ट्रॅक्टरच्या ठरलेल्या, कॅटेगरी एकच्या मापाच्या. खालच्या कडेला चावीच्या भोकासारख्या तीन खाचा. साखळीची कडी रुंद भोकातून घालून खाली सरकवली की अडकते, गाठ नाही की हुक नाही. फळीमुळे ओंडका अंगावर सरकून आला तरी मागच्या टायरला किंवा गियरच्या पेटीला लागत नाही, फळीवर येऊन थांबतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

ट्रॅक्टरला ही फळी वर-खाली करणारी लिफ्ट आहे म्हणून ओंडका कितीही उचलायचा नाही. तोंड वीतभर जमिनीवरून सुटलं की बास. जास्त उचललं तर ओढायची जागाही वर जाते आणि ओंडक्याचं वजन मागच्या चाकांवर येऊन पुढची हलकी होतात, म्हणजे पुन्हा तोच धोका. मी पुढे चार वजनं लावलीत, शिवाय हात कायम लिफ्टच्या दांड्याजवळ असतो. पुढून हलकं वाटलं की क्लच दाबायचा आणि लिफ्ट खाली सोडायची. हे हाताला सवयीचं व्हावं म्हणून मी मोकळ्या माळावर एका लहान ओंडक्यावर चार दिवस सराव केला.

वजनाचा अंदाज हा आणखी एक घोळ. वखारीत घनफूट काढतात ते घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी. दहा फूट लांब, तीन फूट घेर म्हणजे साडेपाच घनफुटांच्या थोडं वर. व्यवहाराला ते ठीक, पण खरं लाकूड त्याच्या सव्वापटीहून जास्त असतं, सात घनफुटांच्या वर. ओलं लाकूड मी पाण्याइतकं जड धरतो, म्हणजे घनफुटाला 28 किलो. तो ओंडका दोनशे किलोचा झाला. आता आंब्याचा घ्या, बारा फूट लांब आणि पाच फूट घेर. वखारीच्या मापाने पावणेएकोणीस घनफूट, प्रत्यक्षात चोवीसच्या आसपास, वजन पावणेसात क्विंटल. माझा अख्खा ट्रॅक्टर नऊ क्विंटलचा! तो आंबा मी सहा-सहा फुटांचे दोन तुकडे करून आणला. वखारवाला लांबीसाठी कुरकुरला, भाव कमी दिला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. ट्रॅक्टरच्या निम्म्या वजनापेक्षा जड काही ओढायचं नाही, हा माझा नियम आहे, आणि चढावर त्याहूनही कमी.

साखळीवर पैसे वाचवू नका. सुरुवातीला बाजारातून साधी, कसलीही खूण नसलेली लोखंडी साखळी किलोवर घेतली होती. तिचा हुक दुसऱ्या महिन्यात हळूहळू उघडत गेला. तोंड बोटभर रुंद झालेलं दिसलं तेव्हा ती बाजूला काढली. आता ग्रेड 80 ची, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाची, 8 मिमीची साखळी आहे, तिच्या बिल्ल्यावर 2 टन भार लिहिलेला आहे. ओंडक्याभोवती फास घातला की त्यातला पाचवा भाग कमी धरायचा. नायलॉनचा दोर तर ओढायला वापरूच नका. तो रबरासारखा ताणतो, आणि तुटला किंवा हुक सुटला की मागे येतो तो गोफणीसारखा.

फास ओंडक्याच्या टोकापासून दीड हातावर घालतो. साखळी खालून काढायला पहारीने माती उकरावी लागते. आळस करून टोकाजवळ फास घातला तर तो हमखास निसटतो. फळी आणि ओंडका यांच्यामध्ये साखळी आखूड ठेवतो, ढिली राहिली की झटका बसतो. शक्यतो शेंड्याकडचं हलकं टोक पुढे घेतो आणि बुंधा मागे जमिनीवर घासत ठेवतो, म्हणजे पुढची चाकं टेकलेली राहतात. त्यासाठी फांद्यांचे खुंट आधी कोयत्याने साफ तासावे लागतात. न तासलेल्या एका खुंटाने मागच्या टायरचा वॉल्व्ह मुळासकट उपटला. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं होतं, ते सगळं तिथेच गेलं. अर्धा दिवस आणि पंक्चरवाल्याला वर आणायचा खर्च. आता वॉल्व्हवर पत्र्याची टोपी आहे.

उताराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आमच्याकडे सगळी जमीन उताराचीच. चढावर ओंडका मागे खेचतो, उतारावर तो पाठीवर येतो. खाली येताना पहिला लो गियर, चारही चाकं जोडलेली, डाव्या-उजव्या चाकांच्या दोन्ही ब्रेकची पेडलं एकमेकांना लॉक केलेली, आणि क्लचला पाय नाही. क्लच दाबला की इंजिनचा धरलेला वेग सुटतो आणि मग ब्रेकच्या भरवशावर राहावं लागतं. ओंडका उतारावर अजिबात उचलत नाही, त्याचं घासणं हाच ब्रेक. आडव्या उतारावर ओढायचंच नाही. ओंडका खालच्या अंगाला घरंगळला तर ट्रॅक्टरला कुशीवर पाडतो. लांबून वळसा घेऊन सरळ चढावं, सरळ उतरावं.

आणि माघ-फाल्गुनात सागाची पानगळ. परातीएवढी वाळलेली पानं उतारावर थरावर थर साचतात, टायरखाली ती अक्षरशः पत्र्यासारखी सरकतात. ओल्या चिखलापेक्षा मला त्यांची भीती जास्त वाटते, कारण कोरडं दिसतं म्हणून माणूस बिनधास्त जातो. एकदा चाकं न फिरता ट्रॅक्टर ओंडक्यासकट दहा फूट खाली घसरला, नशिबाने समोर बांध होता. त्यानंतर ओढायची वाट आदल्या दिवशी झाडून घेतो, दोन माणसांचं तासाभराचं काम. तापलेल्या सायलेन्सरजवळ ही पानं अडकली तर वणवा लागायला वेळ लागणार नाही, म्हणून पाण्याचा कॅन कायम सोबत.

मदतीला वाडीतले दोघे जण असतात. त्यांना जंगल माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण साखळी ताणलेली असताना ओंडक्यावर पाय देऊन दिशा द्यायची त्यांना सवय. ती मोडायला महिना गेला. आता ठरलंय, ट्रॅक्टर आणि ओंडका यांच्यामध्ये कुणी शिरायचं असेल तर आधी गियर काढलेला, हँडब्रेक ओढलेला, आणि मी खाली उतरलेला. ओढताना ओंडक्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर आणि नेहमी वरच्या अंगाला उभं राहायचं. गमछा गळ्यात लोंबता नाही. रोल बार कायम उभा, आणि तो उभा असेल तरच पट्टा बांधायचा. बार पाडलेला असताना पट्टा बांधला तर ट्रॅक्टर उलटताना माणूस खाली अडकतो. फांद्या लागतात म्हणून आता बार पाडत नाही, वाटेवरच्या फांद्या छाटतो.

तक्रारी आहेत. फळीचं वेल्डिंग मार्चमध्ये एका कोपऱ्यात तडकलं, फॅब्रिकेशनवाल्याने पुन्हा करून दिलं आणि आतून आडवी पट्टी टाकली, ती पहिल्यापासूनच हवी होती. ट्रॅक्टरच्या पोटाखाली काहीच संरक्षण नाही, एका खुंटाने ऑइल फिल्टरला चाटून ओरखडा काढला. पत्रा लावून घेतला, पण नव्या ट्रॅक्टरसोबत तो मिळायला हवा होता. सीटवरून मागे बघत काम करायचं म्हणजे मान आणि कंबर दोन्ही जातात, तीन तासांपेक्षा जास्त सलग मी करत नाही. दमलेला माणूसच साखळी चुकीच्या जागी लावतो. डिझेल तासाला दोन लिटरच्या आसपास पडलं, त्याबद्दल तक्रार नाही.

सपाट किंवा सौम्य उताराची जमीन आणि चार-पाच क्विंटलच्या आतले ओंडके असतील तर असा ट्रॅक्टर आणि फळी घ्यायला माझी हरकत नाही. सात महिन्यांत दीडशेच्या आसपास ओंडके खाली आणले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, डिसेंबरमधलं ते तेवढं थोडक्यात निभावलं.

ओढ्याच्या काठावरचे ऐनाचे चार ओंडके अजून वरच पडलेत. तिथे उतार सरळ ओढ्यात जातो आणि वळायला जागा नाही. दोनदा वर जाऊन पायी बघून आलो, ट्रॅक्टर तिकडे नेणार नाही. धसईकडे एकाची बैलजोडी अजून लाकूड ओढते. पाऊस सरला आणि वाट वाळली की त्याला बोलावणार आहे, आप्पांनी त्याच्याशी बोलूनही ठेवलंय.